साबणानं धुतली आणि खरखर वाढली : एका एलपीचं प्रकरण

बारा इंची एलपी, म्हणजे लाँग-प्ले ग्रामोफोन रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, काळ्या विनाइलची. बरीच वर्षं कागदी पाकिटात पडून राहिलेली. धूळ होती, बोटांचे ठसे होते, कडेला एक पुसट राखाडी पट्टा होता, पण ओरखडे मोजकेच. पहिल्यांदा तशीच वाजवली तेव्हा खरखर होती, तरी संगीत ऐकवत होतं. मग मालकानं ती धुतली. टबात नळाचं कोमट पाणी, लीटरभर पाण्याला भांडी घासायचा द्रव साबण अर्धा चमचा, मऊ स्पंज, शेवटी एकदा नळाखाली धरून टॉवेलनं पुसली आणि भिंतीला टेकवून वाळवली. रेकॉर्ड आरशासारखी चमकायला लागली. वाजवल्यावर मात्र पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकसारखी बारीक चरचर, आधीपेक्षा जास्त. पाच-सहा मिनिटांत आवाज घोगरा व्हायचा आणि सुईच्या टोकावर पांढुरका लगदा दिसायचा.

रेकॉर्ड कायमची बिघडली, असं अशा वेळी सहज वाटतं. ती बिघडलेली नव्हती. खाचेत वाळलेलं पाणी वाजत होतं. पाणी उडून गेलं आणि त्यात विरघळलेलं सगळं तिथेच राहिलं. घरी पाण्यानं रेकॉर्ड धुताना बहुतेक चुका इथेच होतात. धुण्याच्या द्रावणावर खूप विचार होतो, विसळण्याच्या पाण्यावर फारच थोडा.

आधी निदान

पुन्हा धुवायच्या आधी आवाज नेमका कशाचा आहे हे ठरवावं लागतं, कारण खरखरीचे प्रकार अनेक आहेत आणि त्यातले काहीच पाण्यानं जातात.

पहिली चाचणी घड्याळाची. ३३⅓ च्या वेगानं एका फेरीला बरोबर १.८ सेकंद लागतात. टिक्‌ असा आवाज दर १.८ सेकंदांनी येत असेल, तर तो आडव्या ओरखड्याचा असतो आणि धुऊन जात नाही. या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर असे दोन टिक् सापडले. बाकीची चरचर अशा कुठल्याच तालात नव्हती, दोन्ही बाजूंवर आणि डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलमध्ये सारखीच पसरलेली होती. एकाच चॅनेलमध्ये कापड फाडल्यासारखा आवाज असता तर दाबताना विनाइल खाचेत नीट न भरल्याचा, म्हणजे कारखान्यातला दोष मानावा लागला असता. फक्त मोठ्या आवाजाच्या जागी आणि आतल्या खाचांत आवाज फुटत असेल, तर ती झीज.

दुसरी चाचणी यंत्राची. त्याच सुईनं एक चांगली, शांत रेकॉर्ड वाजवली. काही आवाज नाही. म्हणजे कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि जोडण्या ठीक.

तिसरी सुईची. तीसपट भिंगातून पाहिल्यावर टोकावर जमलेला मळ पेस्टसारखा होता, ब्रश लावला की पसरायचा. नुसती धूळ असती तर सुकी, तंतूंची, झटकली की पडणारी दिसली असती. लगदा याचा अर्थ धुळीला बांधून ठेवणारं काहीतरी चिकट खाचेत आहे.

चौथी चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी. शेवटच्या खाचेपलीकडे लेबलाजवळ जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब ठेवायचा. स्वच्छ विनाइलवर थेंब घुमटासारखा उभा राहतो. साबणाचा थर असेल तर तो बसकण मारतो आणि पसरतो. इथे थेंब दोन-तीन सेकंदांत सपाट झाला. साबण उरला होता याचा हा थेट पुरावा.

शेवटी नळाचं पाणी. टीडीएस मीटरवर आकडा ३०० च्या आसपास आला, म्हणजे लीटरमध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. मीटर नसेल तर आरशावर एक थेंब वाळू द्यावा. पांढरं कडं उमटलं तर तेच कडं रेकॉर्डवरही उमटणार.

खाचेत किती पाणी राहतं

हा हिशेब एकदा मांडला की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं कारण आपोआप कळतं. एलपीची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, तोंडाशी साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद, २५ ते ३० मायक्रोमीटर खोल. माणसाचा केस यापेक्षा जाड असतो. बावीस मिनिटांच्या एका बाजूवर सव्वासातशेहून जास्त फेरे होतात आणि खाचेची लांबी साडेचारशे मीटरच्या पुढे जाते. एवढी खाच काठोकाठ भरायला सुमारे एक-तृतीयांश मिलिलिटर पाणी लागतं. वरचा पातळ थर धरून अर्धा मिलिलिटर म्हणू.

३०० टीडीएसचं अर्धा मिलिलिटर पाणी वाळलं तर मागे ०.१५ मिलिग्रॅम क्षार राहतात. ऐकायला नगण्य वाटतं. पण त्या सगळ्याचे पाच मायक्रोमीटरचे खडे झाले असं धरलं, तर त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास भरते. दर सेकंदाला तीनशेहून जास्त. प्रत्यक्षात सगळ्याचे खडे होत नाहीत, बराच भाग पातळ थर म्हणून बसतो. तरी संगीतातले मंद, उंच स्वर खाचेच्या भिंतीवर एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान हेलकाव्यांत कोरलेले असतात, हे लक्षात घेतलं की पाच मायक्रोमीटरचा खडा सुईला केवढा वाटत असेल याचा अंदाज येतो.

साबणाचा हिशेब याहून वाईट. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिलिलिटर. त्यात सक्रिय द्रव्य १५ टक्के धरलं तर लीटरला सुमारे ०.४ ग्रॅम होतं. ते द्रावण न विसळता वाळलं तर एका बाजूवर ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे नळाच्या पाण्याच्या क्षारांपेक्षा जास्त. शिवाय भांड्यांच्या साबणात रंग, सुगंध आणि दाटपणासाठी मीठ असतं. नळाखाली एकदा धरल्यानं यातलं बरंच गेलं, सगळं गेलं नाही, आणि जे गेलं त्याच्या जागी नळाचे क्षार बसले.

टॉवेलचं काय झालं? सुती तंतूची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर. तो खाचेच्या तोंडाशी पोचतो, तळाशी नाही. म्हणून टॉवेलनं वरचा सपाट भाग कोरडा केला आणि खाचेतलं पाणी तसंच ठेवलं. वरचा भाग चमकला, म्हणून रेकॉर्ड स्वच्छ दिसली. जोरानं कोरडं घासल्यामुळे विनाइलवर स्थिर विद्युतभार चढला, टॉवेलची लव आणि हवेतली धूळ त्यानं ओढून घेतली, आणि खाली साबणाचा चिकट थर होताच. लगदा असा तयार झाला.

यातून ब्रशचं खरं कामही कळतं. कुठलाही ब्रश खाचेचा तळ खरवडत नाही. तो द्रावण खाचेत ढवळतो, जुनं बाहेर काढतो, नवं आत ढकलतो. म्हणून दाब देण्यात काही अर्थ नसतो. भरपूर द्रव आणि हलका हात लागतो.

द्रावण

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, मीटरवर ० ते ५. बाटलीबंद पिण्याचं पाणी चालत नाही, त्यात क्षार असतातच. आरओचं पाणी धुण्यापुरतं चालतं, शेवटच्या विसळीला नाही. बॅटरीत घालायचं पाणी घेत असाल तर लेबल दोनदा वाचा. बॅटरीसाठी आम्लही तशाच बाटलीत मिळतं.

नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं भागत नाही. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, त्यामुळे ते विनाइलवर थेंब होऊन बसतं, खाचेत नीट उतरत नाही. सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं पृष्ठताण कमी करणारं द्रव्य, घातलं की हा ताण ३० च्या आसपास येतो आणि पाणी पसरतं. सर्फॅक्टंट नॉन-आयोनिक, म्हणजे विद्युतभार नसलेल्या प्रकारचं निवडावं, बिनवासाचं, बिनरंगाचं. कारण असं : भांड्यांचे साबण बहुधा ॲनायोनिक (ऋणभाराचे) असतात, तर काही तयार रेकॉर्ड-क्लीनर आणि जंतुनाशकांत कॅटायोनिक (धनभाराची) द्रव्यं असतात. हे दोन्ही एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा साका तयार होऊ शकतो आणि तो खाचेतच बसतो. आधी काय वापरलं गेलंय हे हाती आलेल्या जुन्या रेकॉर्डबद्दल बहुतेक वेळा कळत नाही. नॉन-आयोनिक कुणाशीच भांडत नाही.

प्रमाण ०.०५ टक्के, म्हणजे लीटरला अर्धा मिलिलिटर. शुद्ध सर्फॅक्टंट मधासारखं घट्ट असतं, अर्धा मिलिलिटर मोजताना हमखास चूक होते. म्हणून आधी १० मिलिलिटर सर्फॅक्टंट ९० मिलिलिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात हळूहळू ढवळून दहा टक्क्यांचं मूळ द्रावण करावं आणि त्यातलं ५ मिलिलिटर सुई काढलेल्या सिरिंजनं लीटरभर पाण्यात घालावं. फोटोची फिल्म धुताना शेवटी वापरतात ते वेटिंग एजंट मिळत असेल तर १ ला २०० हे त्याचं नेहमीचं प्रमाण, म्हणजे तेही लीटरला ५ मिलिलिटरच. जास्त घातल्यानं जास्त स्वच्छ होत नाही. पृष्ठताण एका पातळीपर्यंत उतरला की थांबतो, पुढचं प्रत्येक मिलिलिटर फक्त विसळायचं काम वाढवतं.

या रेकॉर्डवर बोटांचे तेलकट ठसे होते म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल १० टक्के घेतलं : ९०० मिलिलिटर पाणी, १०० मिलिलिटर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल. एरवी ते नसलं तरी चालतं. २० ते २५ टक्क्यांच्या वर जाण्याचं काही कारण नाही. जखमेला लावायचं स्पिरिट घेऊ नये, त्यात एरंडेल तेलासारखे पदार्थ मिसळलेले असू शकतात आणि तेच खाचेत राहतात. काम खिडकी उघडी ठेवून, ज्योत किंवा ठिणगी जवळ नसताना करावं.

बाटलीवर तारीख लिहावी. परिरक्षक नसलेल्या द्रावणात काही आठवड्यांत बुरशी धरते. महिन्याभराचं जुनं द्रावण ओतून द्यावं.

दुसरी धुलाई

बाकीचं साहित्य : कार्बन-फायबरचा कोरडा ब्रश, मखमली पॅडचे दोन ब्रश (एकावर "धुणे", दुसऱ्यावर "विसळणे" लिहिलेलं), पिचकारीची बाटली, लेबल झाकायला रबरी कडा असलेल्या दोन प्लॅस्टिक चकत्या, लव न सुटणारे तीन मायक्रोफायबर कपडे, उभं ठेवायचं स्टँड. कपडे धुताना सॉफ्टनर टाकलेला नसावा. सॉफ्टनर हेही कॅटायोनिक द्रव्यच आहे आणि ते कापडातून रेकॉर्डवर उतरतं.

रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलवर ओलं काम करू नये. पाणी बेअरिंगमध्ये जातं. इथे ती जाड टॉवेलवर आडवी ठेवली होती, आणि तीच पुढे अडचण ठरली.

लेबल कागदाचं असतं आणि रेकॉर्ड दाबतानाच विनाइलमध्ये बसवलेलं असतं. त्यामागे गोंद नसतो, त्यामुळे ते चटकन सुटत नाही, पण शाई पसरते आणि कागदावर डाग कायमचे पडतात. एलपीचं लेबल सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचं. चकत्या नसतील तर धार लेबलापासून दोन बोटं लांब ठेवावी आणि शिंतोडा पडलाच तर लगेच टिपावा, घासू नये.

पाणी कोमट, ३५ अंशांच्या आत. विनाइल पन्नाशीच्या पुढे मऊ पडून वाकायला लागतं.

आधी कोरड्या ब्रशनं तीन-चार फेरे, सुटी धूळ काढण्यापुरते. मग सर्फॅक्टंट न घालता नुसतं डिस्टिल्ड पाणी, एका बाजूला १०० मिलिलिटर. ही पायरी या प्रकरणापुरती महत्त्वाची. खाचेत आधीच साबण होता, त्यावर आणखी साबण ओतण्याआधी जेवढा जाईल तेवढा काढायचा. पहिल्या पाण्याला खरोखरच बारीक फेस आला.

मग १५ मिलिलिटर धुण्याचं द्रावण सगळीकडे सारखं पसरलं. दोन मिनिटं तसंच राहू दिलं, वाळू मात्र दिलं नाही. कडेला कोरडा डाग दिसायला लागला की आणखी दोन-तीन मिलिलिटर घालावं. मखमली ब्रश खाचेच्या दिशेनं दहा फेरे, मग उलट दहा फेरे. आडवा ब्रश कधीच नाही. रेकॉर्ड टबावर उभी धरून द्रावण निथळू दिलं.

विसळ दोनदा, प्रत्येकी २०० मिलिलिटर. दर वेळी वरून खाली धार, रेकॉर्ड हळूहळू फिरवत, "विसळणे" लिहिलेल्या ब्रशचे तीन-चार फेरे, मग पूर्ण निथळणं. एकदाच ४०० मिलिलिटर ओतण्यापेक्षा हे का बरं? निथळल्यावर एका बाजूवर साधारण २ मिलिलिटर द्रव चिकटून राहतो असं धरा. त्यात २०० मिलिलिटर नीट मिसळलं तर मळ शंभर पटीनं पातळ होतो. पुन्हा निथळून पुन्हा २०० घातलं की शंभर गुणिले शंभर, दहा हजार पटीनं. तेच ४०० मिलिलिटर एकदम घातलं तर फक्त दोनशे पटीनं. मिसळणं इतकं आदर्श कधीच होत नाही, पण दोन विसळींमधलं निथळणं किती मोलाचं आहे ते यातून दिसतं. घाईत लोक नेमकं तेच टाळतात.

विसळ पुरी झाली का हे टीडीएस मीटर सांगत नाही. मीटर विद्युतवाहकता मोजतो आणि नॉन-आयोनिक सर्फॅक्टंट वीज वाहून नेत नाही. मीटरवर शून्य दिसेल आणि साबण तसाच असेल. त्यासाठी दुसऱ्या विसळीचं खाली पडलेलं पाणी स्वच्छ छोट्या बाटलीत अर्धं भरून जोरात हलवावं. फेस दोन-तीन सेकंदांत मोडला तर ठीक, दहा सेकंदांनंतरही टिकला तर तिसरी विसळ.

वाळवणं : पहिलं मायक्रोफायबर नुसतं दाबून टिपायला, दुसरं खाचेच्या दिशेनं हलकं फिरवायला. नंतर स्टँडवर उभी, किमान तासभर. केस वाळवायचं गरम यंत्र वापरू नये, आणि पंख्याखालीही ठेवू नये. पंखा पाणी लवकर वाळवतो खरा, पण ओल्या रेकॉर्डवर धूळही आणून चिकटवतो.

जे पहिल्या फेरीत सुटलं

वाजवून पाहिल्यावर दुसरी बाजू बरीच शांत झाली होती. पहिल्या बाजूवर बाहेरच्या एक-तृतीयांश भागात चरचर तशीच होती. आणि दोन्ही बाजूंवर अधूनमधून बारीक, कोरडे, टोकदार टिक्‌टिक् उरले होते.

दोन आवाज, दोन कारणं. बाहेरच्या भागाच्या चरचरीत सुईवर पुन्हा लगदा आला. बाहेरच्या कडेला थेंब ठेवला तर तो पसरला. म्हणजे साबण. पहिली बाजू आधी धुतली होती आणि नंतर तीच बाजू खाली करून त्याच टॉवेलवर ठेवली होती, ज्यावर पहिल्या पाण्याचा फेस आणि मळ सांडला होता. स्वच्छ केलेली बाजू मळक्या पाण्यात पडली. उपाय अगदी साधा आहे : टॉवेलऐवजी ९ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचं, सपाट, जड, रुंद तोंडाचं भांडं घ्यावं, त्यावर रबराची चकती ठेवावी आणि रेकॉर्ड लेबलावर तोलावी. खाचा हवेत राहतात, कशालाच टेकत नाहीत. हात हलका असला की ब्रश मारताना ती पुरेशी स्थिर राहते.

कोरड्या टिक्‌टिकीत मात्र सुई स्वच्छ राहत होती. तिरप्या टॉर्चच्या उजेडात, पहिल्या धुलाईचे थेंब जिथे वाळले होते तिथे अजूनही पुसट कडी दिसत होती आणि भिंगातून त्यात पांढरे कण. हे क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. साध्या पाण्यात ते जवळपास विरघळत नाही आणि सर्फॅक्टंटला त्याच्याशी काही घेणंदेणं नसतं. त्याला सौम्य आम्ल लागतं.

त्यासाठी सायट्रिक ॲसिडचं १ टक्क्याचं द्रावण केलं : लीटरभर डिस्टिल्ड पाण्यात १० ग्रॅम. इतक्या सौम्य आम्लाचा विनाइलवर परिणाम होत नाही. एका बाजूवर १५ मिलिलिटर, दोन मिनिटं, धुण्याच्या ब्रशचे पाच-पाच फेरे. १५ मिलिलिटरमध्ये १५० मिलिग्रॅम आम्ल असतं आणि समोर क्षार आहेत मिलिग्रॅमच्या अंशाइतके, त्यामुळे आणखी कडक द्रावण करायची गरजच नाही. ही पायरी साबणाच्या विसळीनंतर घ्यावी. कणांवर साबणाचा थर असेल तर आम्ल त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. लेबल मात्र आवर्जून झाकावं, आणि ब्लीचच्या जवळपास हे द्रावण नेऊ नये. त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो.

दुसऱ्या फेरीचा क्रम मग असा ठरला : धुणं, २०० ची विसळ, सायट्रिक, २०० ची विसळ, पुन्हा २०० ची विसळ. सगळं भांड्यावर तोलून. आम्ल गेलं का हे शेवटच्या पाण्यात टीडीएस मीटर घालून कळतं, कारण सायट्रिक ॲसिड वीज वाहतं. आकडा डिस्टिल्ड पाण्याच्या एक-दोन अंकांच्या आत आला तेव्हा विसळ थांबवली. दोन्ही फेऱ्या मिळून विसळीला दोन लीटरहून जास्त पाणी लागलं. सुरुवातीलाच डिस्टिल्ड पाणी वापरलं असतं तर लीटरभरात काम झालं असतं.

काय गेलं, काय राहिलं

धुतल्यानंतर पहिल्यांदा वाजवताना सुईवर थोडा मळ येतोच. ब्रशनं खाचेतून सैल झालेलं, पण पाण्याबरोबर न गेलेलं काहीतरी सुई वर काढते. म्हणून निकाल दुसऱ्या वाजवण्यावर ठरवावा. मधे सुई साफ करावी : मऊ ब्रश मागून पुढे, कधीच पुढून मागे किंवा आडवा नाही. किंवा मेलामाइन फोमच्या तुकड्यावर सुई सरळ खाली टेकवून सरळ वर उचलावी, बाजूला ओढू नये. अल्कोहोल शक्यतो टाळावं. सुईची दांडी ज्या रबरात बसलेली असते आणि टोक ज्या चिकट पदार्थानं लावलेलं असतं, त्यांना ते बाधू शकतं.

दुसऱ्या वेळी सलग चरचर नव्हती. दोन गाण्यांमधली शांत जागा खरोखर शांत होती. सुई पूर्ण बाजू वाजवून स्वच्छ राहिली. थेंब घुमटासारखा उभा राहिला. पहिल्या बाजूवरचे दर १.८ सेकंदांचे दोन टिक् राहिले आणि आतल्या खाचांत मोठ्या आवाजाला किंचित फुटणं राहिलं. पहिला ओरखडा, दुसरी झीज. झिजलेल्या भिंतीत विनाइलच उरलेलं नसतं, तिथे कुठलंही द्रावण काही करू शकत नाही. ते पुन्हा पुन्हा धूत राहण्यानं फक्त रेकॉर्ड जास्त हाताळली जाते.

हीच पद्धत कुठे वापरू नये

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नये, लाख त्यात विरघळते. त्यांना आम्लही नको, कारण लाखेबरोबर मिसळलेल्या खनिज भुकटीत चुनखडी असू शकते. त्या सर्फॅक्टंटच्या पातळ द्रावणानं, कमीत कमी वेळ ओल्या ठेवून, लगेच विसळून कोरड्या कराव्यात. ॲल्युमिनियमवर लॅकर चढवलेल्या, घरी किंवा स्टुडिओत कापलेल्या तबकड्यांवर पांढरा चिकट थर आला असेल, तर त्या घरी धुऊच नयेत.

बुरशी असेल तर पहिली कोरडी ब्रश करायची पायरी गाळावी, बीजाणू घरभर उडतात. हातमोजे आणि मास्क घालून थेट ओलं काम सुरू करावं, आणि जुनं आतलं पाकीट टाकून द्यावं. पाकीट तसंच ठेवलं तर बुरशी महिन्याभरात परत येते.

अल्ट्रासोनिक यंत्र असेल, साधारण ४० किलोहर्ट्‌झचं, तर सूक्ष्म बुडबुडे फुटण्याच्या धक्क्यानं खाचेच्या तळापर्यंत काम होतं आणि ब्रशची गरज कमी होते. पण टाकीतलं पाणी सतत तापत जातं, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. त्यातही सर्फॅक्टंट असेल तर बाहेर काढल्यावर विसळ चुकत नाही. पाणी ओढून घेणारं व्हॅक्यूम यंत्र असेल तर निथळण्याचं काम खूप चांगलं होतं, कारण ते खाचेतलं पाणी वाळायच्या आधीच उचलतं. हाताच्या पद्धतीत सगळ्यात कमकुवत जागा तीच आहे. फक्त त्याच्या नळीवरची मखमली पट्टी धुण्याला आणि विसळीला वेगळी ठेवावी.

या एलपीला नवं अँटिस्टॅटिक प्लॅस्टिकचं आतलं पाकीट दिलं. जुनं कागदी पाकीट कडांना झिजून भुकटी सोडत होतं, त्यातच परत ठेवली असती तर पहिल्या दिवसापासून पुन्हा धूळ. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळली, त्यातला प्लॅस्टिसायझर विनाइलवर उतरून धुरकट डाग पाडतो. रेकॉर्ड आत घालण्याआधी आणखी दोन तास उभी ठेवली, कारण किंचित ओल राहिली तरी बंद पाकिटात बुरशीला तेवढी पुरते. पाकिटावर पेन्सिलनं चिठ्ठी लावली : तारीख, ०.०५ टक्के नॉन-आयोनिक, १० टक्के आयसोप्रोपिल, १ टक्का सायट्रिक, शेवटच्या दोन विसळी डिस्टिल्ड. ही रेकॉर्ड पुढे कुणाच्याही हातात गेली तरी तिच्या खाचेत आधी काय पडून गेलंय हे त्यांना थेंब ठेवून शोधावं लागणार नाही.